गाडीतला बास: आधी खोकं, मग वॉट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर नवी गाडी दारात लागते, आठवड्याभरात डिकीत वूफर बसतो आणि महिना उलटायच्या आत तक्रार सुरू होते. बास येतो पण नुसता घुमतो. प्रत्येक गाण्याला तोच तो 'ढुम'. आवाज चढवला की नंबरप्लेट थडथडते, हेडलाइट मिचमिचतात, अर्ध्या तासाने ॲम्प तापून बंद पडतो. मग सल्ला मिळतो: 'ॲम्प छोटा पडतोय, मोठा घ्या.' हे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे असं झालं. मोटारीतला बास खोकं, त्याला मिळणारी वीज आणि ॲम्पचं सेटिंग यांवर उभा असतो, तेही याच क्रमाने. वॉटचा नंबर त्यानंतर लागतो. हे काम रोज करणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते गिऱ्हाइकालाही ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे सविस्तर पत्र.

आधी वॉटचा फुगा फोडू. ॲम्पच्या डब्यावर '३००० वॉट' छापलेलं असतं. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो, काही वेळा निव्वळ कल्पनेचाही. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती शक्ती. त्यासाठी सीईए-२००६ (आताचं नाव सीटीए-२००६) हे मानक आहे: १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा भार आणि विकृती १ टक्क्याच्या आत. त्या अटींवर मोजलेला आकडा डब्यावर असेल तर तो धरावा. नसेल तर ॲम्पच्या कडेला खोचलेले फ्यूज बघा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर १३.८ व्होल्टला आत जाणारी शक्तीच ४१४ वॉट. क्लास डी ॲम्प त्यातली साधारण ८० टक्के बाहेर देतो, म्हणजे ३३० वॉट. क्लास एबी असेल तर जेमतेम निम्मी, बाकीची उष्णता होऊन हीटसिंकवर चढते. डब्यावर काहीही छापा, फ्यूजला खोटं बोलता येत नाही.

दुसरं असं की शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तीनशेचा ॲम्प काढून सहाशेचा लावल्यावर पडणारा फरक पुष्कळदा खोकं नीट केल्यावर पडणाऱ्या फरकापेक्षा कमी असतो.

आता खोक्याकडे वळू. पत्राचा जीव तिथेच आहे.

वूफरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढे दाब तयार होतो आणि मागे पोकळी. दोन्ही लाटा एकत्र आल्या की बास मरतो. म्हणून वूफर उघडा वाजवला तर पडदा हलताना दिसतो पण ऐकू काही येत नाही. खोकं मागची लाट अडवतं, शिवाय आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला धरून ठेवते. स्प्रिंग किती कडक हवी हे वूफरच्या स्वभावावर ठरतं आणि तो स्वभाव तीन आकड्यांत सांगता येतो: एफएस (मोकळा पडदा आपणहून ज्या सुरावर डोलतो तो), क्यूटीएस (ते डोलणं कितपत आवरलं जातं) आणि व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच लवचीक असलेल्या हवेचे लिटर). नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकडे चांगल्या वूफरच्या कागदावर छापलेले असतात. कागदच नसेल तर तो वूफर घेऊ नये, इतकं सरळ आमचं मत आहे.

हिशेब अवघड नाही. समजा, एका १२ इंची वूफरचा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. बंद खोक्यासाठी व्हीएएसला खोक्याच्या आतल्या आकारमानाने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. खोकं ४० लिटरचं असेल तर ६० भागिले ४० म्हणजे १.५, अधिक १ म्हणजे २.५, वर्गमूळ १.५८. याने क्यूटीएसला गुणलं की ०.७१ येतात आणि एफएसला गुणलं की ४४ हर्ट्झ. पहिला आकडा ०.७ च्या जवळ असणं उत्तम. तिथे बास सपाट येतो, ठोका पडतो आणि लगेच थांबतो. हाच वूफर १५ लिटरच्या तयार खोक्यात कोंबला की वर्गमूळ येतं २.२४, पहिला आकडा १ आणि दुसरा ६३ हर्ट्झ. म्हणजे ६३ च्या खालचा बास उतरायला लागला आणि त्याच्या जरा वर फुगवटा आला. 'प्रत्येक गाण्याला तोच ढुम' ही तक्रार इथून येते. ॲम्प बदलून ती जाणार कशी? मोठ्या ॲम्पने तोच फुगवटा आणखी फुगतो.

पखवाज वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. डाव्या तोंडाला ओली कणीक किती लावायची यावर धुमेचा सूर आणि घुमारा ठरतो, हाताच्या जोरावर नाही. खोक्याचे लिटर म्हणजे वूफरची कणीक समजा.

त्या ४० लिटरचं खोकं असं होतं: १८ मिलिमीटरचा बोर्ड, बाहेरून पुढची बाजू ३६ बाय ३६ सेंटिमीटर, खोली ४३.६ सेंटिमीटर. आतलं माप ३२.४ बाय ३२.४ बाय ४०, म्हणजे ४२ लिटर. वूफरचं चुंबक आणि सांगाडा आत सुमारे २ लिटर जागा खातो, उरले ४०. पुढचा बोर्ड दुहेरी करायचा असेल तर जादाचा थर बाहेरून चढवा, नाहीतर आतले लिटर कमी होतील. सुतार हमखास बाहेरचं माप धरतो. त्याला कागदावर 'आतलं माप' असं ठळक लिहून द्यावं. डिकीत खोली कमी असेल तर रुंदी वाढवा. आकार बदलला तरी चालतो, लिटर बदलले तर नाही. खोकं थोडं लहान झालंच तर उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर अर्धा किलोच्या आसपास पिंजून सैलसर भरावा. वूफरला खोकं दहा-पंधरा टक्क्यांनी मोठं असल्यासारखं वाटतं. हा उपाय फक्त बंद खोक्यासाठी. पोर्टच्या, म्हणजे नळी बसवलेल्या, खोक्यात फायबर भरला तर तो नळीच्या तोंडाशी येऊन बसतो.

पोर्टचं खोकं जास्त दणका देतं, पण चुकीला माफी नाही. नळीतली हवा आणि खोक्यातली हवा मिळून एका ठरावीक सुरावर डोलतात. त्या सुराला 'ट्यूनिंग' म्हणतात. मोटारीसाठी ३२ ते ३६ हर्ट्झ ठीक. निव्वळ ५६ लिटरच्या खोक्याला ३४ हर्ट्झवर आणायचं तर १० सेंटिमीटर आतल्या व्यासाची नळी सुमारे २९ सेंटिमीटर लांब लागते. पण तीनशे-चारशे वॉटला १० सेंटिमीटरची एक नळी अपुरी पडते. हवा जोरात आत-बाहेर होते आणि 'फुस्स फुस्स' ऐकू येतं. म्हणून दोन नळ्या लावल्या तर ट्यूनिंग तेच ठेवायला प्रत्येक नळी २९ ऐवजी सुमारे ६५ सेंटिमीटर लांब करावी लागते. इथेच गडबड होते. एका नळीच्या लांबीने दोन नळ्या बसवल्या की ट्यूनिंग ४५ हर्ट्झच्या वर जातं, वरचा बास थडाथड वाजतो आणि खालचा गायब. ६५ सेंटिमीटरची नळी सरळ बसत नाही, तेव्हा ती वळवावी किंवा बोर्डाचाच चपटा पोर्ट खोक्याच्या भिंतीलगत काटकोनात न्यावा. नळीचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान तिच्या व्यासाइतकं दूर हवं. नळ्यांनी आणि पोर्टच्या फळ्यांनी अडवलेली जागा ५६ लिटरमध्ये धरायची नाही, ती वेगळी.

पोर्टच्या खोक्याची दुसरी गोम ट्यूनिंगच्या खाली आहे. ३४ वर बांधलेल्या खोक्यात २५ हर्ट्झचा सूर आला की हवेची स्प्रिंग सुटते, पडदा मोकाट हलतो आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल मागच्या लोखंडावर 'टक' करून आदळते. ॲम्पवर 'सबसॉनिक' नावाचा फिल्टर याचसाठी असतो. तो ट्यूनिंगच्या चार-सहा हर्ट्झ खाली, इथे २८ ते ३० ला लावावा. ज्या ॲम्पला सबसॉनिक नाही त्याला पोर्टचं खोकं जोडू नये.

मग बंद की पोर्ट? आमचा कल बहुतेक गाड्यांसाठी बंद खोक्याकडे आहे आणि त्याला कारण आहे. मोटारीची केबिन लहान. आतली लांबी २.७ मीटर धरली तर साधारण ६३ हर्ट्झच्या खाली लाटेला पसरायला जागाच उरत नाही आणि केबिनमधला दाब एकसाथ वर-खाली होतो. त्यामुळे सूर जितका खाली तितका केबिन त्याला आपणहून उचलते. बंद खोक्याचा बास खाली जाताना सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, केबिन त्यातला बराचसा भरून काढते. पोर्टचा बास ट्यूनिंगखाली २४ डेसिबलने कोसळतो, पण त्याच्या वर केबिनची भर पडून डोंगर होतो. ढोलकी, हलगी, पखवाज, संबळ ऐकणाऱ्याला बंद खोकं. इलेक्ट्रॉनिक संगीताचा लांब ओढलेला बास आवडतो त्याला पोर्ट. बँडपास, म्हणजे वूफर दोन कप्प्यांच्या आत लपवलेल्या, खोक्याबद्दल एवढंच: हिशेब बिनचूक असेल तर ठीक, एरवी तो एकसुरी भोंगा होतो आणि आत वूफर जळत असला तरी बाहेर कळत नाही.

लाकूड कोणतं? साधा पार्टिकल बोर्ड नको. डिकीत पावसाळ्यात ओल येते, ओल्या छत्र्या ठेवल्या जातात, कोकणात तर विचारूच नका. साधा एमडीएफही कडांनी फुगतो. ओलावा झेलणारा एचडीएचएमआर किंवा चांगला वॉटरप्रूफ प्लाय, १८ मिलिमीटर. जोडाला फेविकॉल आणि दीड इंची स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, दर १० ते १२ सेंटिमीटरवर. भोक न पाडता स्क्रू मारला की बोर्डाची कड चिरते आणि हवा तिथूनच गळते. आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरून २४ तास उघडं ठेवा. सिलिकॉन ओलं असताना वूफर बसवला तर त्याची आंबट वाफ पडद्याच्या डिंकाला आणि फोमच्या कडेला मानवत नाही. मोठ्या बोर्डाच्या मधोमध आतून एक आडवी पट्टी द्यावी. बोर्डावर तळहात ठेवून वाजवल्यावर हाताला थरथर लागली तर तेवढी शक्ती वाया चालली.

वूफर आणि बोर्डामध्ये फोमची गॅस्केट पट्टी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, चाकाचे नट आवळतात तसे. मग गळती तपासा. ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून पेटती उदबत्ती सगळ्या कडांवरून, टर्मिनलच्या वाटीभोवती फिरवा. धूर थरथरला तिथे गळती. टर्मिनलची वाटी हा नेहमीचा गुन्हेगार, तिच्याखाली सिलिकॉन घालायचं हटकून राहून जातं.

तयार खोकं वूफरसकट वीस किलोच्या घरात जातं. ते डिकीत नुसतं ठेवायचं नाही. जोराचा ब्रेक लागला तर ते मागच्या सीटवर येतं. एल पट्ट्या किंवा बेल्टने बांधा. मात्र डिकीच्या तळाला आंधळेपणाने भोक पाडू नका, खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचे पाइप असू शकतात. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या टाकीने डिकी भरलेली असते. तिथे टाकीच्या ब्रॅकेटला खोकं बांधणं, टाकीच्या वाल्व्हजवळून ॲम्पची तार नेणं किंवा हवा खेळायची जागा बुजवणं, तिन्ही वर्ज्य. अशा गाडीत सीटखालचा ८ इंची चपटा वूफर बरा. त्याच्याकडून १२ इंचीचा दणका मागू नये, एवढंच.

आता वीज. ५०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात ६२५ वॉट ओढतो. १३.८ व्होल्टला ते ४५ अँपिअर होतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत तार साधारण ५ मीटर. २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ४ गेजची शुद्ध तांब्याची तार असेल तर वाटेत ०.१८ व्होल्ट पडतात. ८ गेजची, ८.४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ०.४६. आणि तीच ८ गेज तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर ०.७ च्या वर. बाजारातल्या स्वस्त 'वायरिंग किट'मध्ये बहुतेकदा हीच मुलाम्याची तार असते, वर जाड रबर चढवून ४ गेजची दिसेल अशी केलेली. ओळखायचं कसं? टोक सोलून एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. कलई केलेलं तांबं बाहेरून पांढरं असतं पण खरवडल्यावर लाल निघतं, त्याची गल्लत नको. दोन-चार तारा वाकवून बघा, ॲल्युमिनियम लवकर तुटतं.

व्होल्ट पडल्याने आवाज फारसा कमी होत नाही. १४.४ चे १२ झाले तरी शक्ती तीस टक्के घटते, कानाला दीड डेसिबल. खरा तोटा असा की ॲम्पची कमाल मर्यादा खाली येते आणि आधी स्वच्छ असलेला सूर माथ्यावर कापला जायला लागतो.

पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. ५०० वॉटच्या या उदाहरणात ६० अँपिअरचा. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून तारेसाठी आहे. बोनेटमधून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या कडेला रबर घासून तार उघडी पडली तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत उतरते आणि गाडी पेटते. म्हणून पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट आणि तारेवर जाळीचं आवरण, दोन्ही घाला. फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकणं.

अर्थिंगची तार पॉझिटिव्हइतकीच जाड आणि ४५ सेंटिमीटरच्या आत. पत्र्यावरचा रंग चमक येईपर्यंत घासून थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) बोल्टने आवळा, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात गंज. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरायचा नाही, तो जीव वाचवायला आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो. तिथे तार थेट त्या टोकाला न लावता बॉडीला लावा, नाहीतर ॲम्पने ओढलेली वीज गाडीच्या हिशेबातच येत नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी 'कुंईऽऽ' ऐकू येत असेल तर आधी हे अर्थिंग बघा. मग आरसीएची, म्हणजे स्टिरिओतून ॲम्पकडे सूर नेणारी, तार पॉझिटिव्हच्या तारेशेजारून गेली आहे का ते बघा. एक डाव्या बाजूने न्यावी, एक उजव्या. स्टिरिओबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी निळी रिमोट तार थेट बॅटरीला जोडू नये. ॲम्प रात्रभर चालू राहून एक अँपिअर जरी खात राहिला, तरी ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत बसते.

हेडलाइट मिचमिचले की 'एक फॅराडचा कपॅसिटर लावा' असं सांगतात. एक फॅराड म्हणजे एक व्होल्ट पडेपर्यंत ४५ अँपिअर किती वेळ? सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग. तेवढ्याने ठोक्याचा एखादा कण सावरतो, पुढे भार अल्टरनेटरवरच. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर ७० ते ९० अँपिअरचा, त्यातही सिग्नलला उभं असताना जेमतेम निम्मा मिळतो आणि एसी, पंखा, दिवे त्यातच. अशा गाडीत ५०० वॉट ही शहाणपणाची वरची हद्द. कपॅसिटरच्या पैशात बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या मूळ अर्थच्या तारा जाड करून घ्या, जास्त उपयोग होईल.

ओहमचं गणित थोडक्यात. ४ ओहमच्या डबल कॉइलचा वूफर समांतर जोडला तर २ ओहम, एकापुढे एक जोडला तर ८. २ ओहमचा डबल कॉइल समांतर १, एकापुढे एक ४. ॲम्प किती ओहमपर्यंत टिकतो ते त्याच्या कागदावर असतं. चार चॅनेलच्या ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे जोडून एकाच वूफरला दिले, की प्रत्येकाला निम्मा भार दिसतो. ब्रिजवर २ ओहमचा वूफर म्हणजे चॅनेलला १ ओहम, आणि प्रोटेक्टचा लाल दिवा लागलाच. मल्टीमीटरवर ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.७ दाखवते, ते बरोबर आहे.

ॲम्पवरचं 'गेन' बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे आणि सगळ्यात जास्त वूफर या एका गैरसमजाने जळतात. ते असं लावायचं. वूफरची तार काढा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य, आवाज तीन-चतुर्थांशावर. ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या कमाल पातळीचा, सूर लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या वूफर टर्मिनलवर धरा. हवे असलेले वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू चढवा. ३०० वॉट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ५०० वॉट २ ओहमला ३१.६ व्होल्ट. तिथे थांबा, खूण करा, मग वूफर जोडा. याच्या पुढे गेन फिरवला की सुराचा गोल माथा कापून सपाट होतो. पूर्ण चौकोनी झालेला सूर तेवढ्याच उंचीच्या गोल सुरापेक्षा दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओततो. डिकीतून जळक्या वार्निशचा वास येतो तो याचाच. 'बास बूस्ट' ६ डेसिबल चढवणं म्हणजे त्या सुरापुरते चौपट वॉट मागणं, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. गाडीतल्या कुठल्याच ॲम्पकडे तेवढी शिल्लक नसते. बूस्ट शून्यावर राहू द्या.

वूफरचा लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला आणि पुढच्या दरवाज्यांच्या स्पीकरना हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) ८० ला. हे दुसरं काम हमखास राहतं आणि मग दारातले ६ इंची स्पीकर वूफरशी स्पर्धा करत फाटतात. ॲम्पवरचं फेजचं बटण ० आणि १८० वर आलटून-पालटून ऐका. ड्रायव्हरच्या जागेवरून जिथे बास भरीव लागतो ते ठेवा. एवढ्या फुकटच्या बटणाने कित्येकदा 'ॲम्प छोटा' हा रोग बरा होतो.

हे सगळं जमलं की उरतो खडखडाट. ३० ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मध्यम आवाजात लावून एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून डिकीच्या झाकणावर, पाटीवर, मागच्या बंपरवर हात दाबत फिरावं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे २ मिलिमीटरची ब्यूटिलची चादर किंवा फोमची पट्टी. एचएसआरपी पाटी स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती उचकटू नका. कडेने फोमची चिकटपट्टी आत सरकवली की पुरते. सेडानमध्ये मागच्या काचेखालची फळी आणि तिसरा ब्रेकलाइट हे ठरलेले खडखडे.

शेजाऱ्यांच्या कानाचंही बोललं पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप कानाच्या स्वभावाप्रमाणे वजन दिलेल्या 'ए' मापावर होतं आणि त्या मापात ५० हर्ट्झचा सूर सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मोबाइलमधल्या ॲपवर आकडा छोटा दिसतो आणि तिसऱ्या मजल्यावरची काच मात्र थरथरते. भिंत उंच सूर अडवते, बास अडवत नाही. सोसायटीच्या आवारात शिरताना स्टिरिओवरचा वूफरचा स्तर वेगळा खाली घ्यायचा. बहुतेक स्टिरिओंत ती सोय असते, फक्त कोणी दाखवलेली नसते.

दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना एक विनंती. बिलावर 'एक सेट वूफर-ॲम्प' एवढंच लिहून भागवू नये. ॲम्पचे आरएमएस वॉट कोणत्या ओहमला, तार तांब्याची की मुलाम्याची आणि किती चौरस मिलिमीटर, फ्यूज किती अँपिअरचा, खोकं निव्वळ किती लिटर आणि पोर्ट असेल तर ट्यूनिंग किती, एवढ्या चार ओळी लिहून घ्याव्यात. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करताना किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलताना हाच कागद कामाला येतो. गाडीच्या मूळ तारा न कापता कपलर लावून जोडणी केली आहे, हेही त्यावर असावं. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर पहिला प्रश्न तोच विचारतं. हा कागद आरसीबरोबर गाडीतच ठेवा. पुढे बॅटरी बदलणाऱ्या मेकॅनिकला ती लाल तार कुठून कुठे गेली आहे हे अंदाजाने शोधावं लागणार नाही.

आपले,
मोटारीतील ध्वनियंत्रणा बसवण्याचे काम करणारे काही कारागीर,
पुणे